कंपाउंडरभाऊंच्या मागची सीट

कंपाउंडरभाऊ फटफटीवर बसण्याआधी तिच्याभोवती एक चक्कर मारत. दोन्ही चाकं अंगठ्याने दाबून बघत, चेन बघत, ब्रेक दाबून सोडत. मग मागे बसणाऱ्याकडे वळून म्हणत, "धोतराचा सोगा आवरा. चाकात गेला तं तुमीबी जासान अन् मीबी." सानगडीच्या दवाखान्यात औषधं बांधून देणारा हा माणूस मूळचा मोहाडीकडच्या विणकराच्या घरचा. हात इतके शांत, की क्लच सोडतानाही तुटलेला धागा सांधतो आहे असं वाटे. सगळं गाव त्यांच्यावर खूश होतं. मी नव्हतो. माझे बाबा त्यांच्या मागे बसत, माझ्या मागे कधीच नाही.

मी त्याच गावात मास्तर होतो. सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि गावात फटफट्या दोन-तीनच होत्या. लायसनची परीक्षा आम्ही दोघांनी एकाच दिवशी, भाऊंच्याच गाडीवर, भंडाऱ्याला दिली. मैदानात चुन्याने इंग्रजी आठ आखला होता. भाऊंनी तो इतक्या सावकाश काढला, की तपासणाऱ्या साहेबांचा चहा पिऊन झाला, पण पाय काही टेकला नाही. माझा दुसऱ्याच वळणावर टेकला. "पुढच्या महिन्यात या," साहेब म्हणाले.

परतीचे पन्नासेक किलोमीटर मी त्यांची पाठ बघत आलो. रिकाम्या रस्त्यावरही ते वळताना हात दाखवत. मी चिडून विचारलं, "कोनाले दाखवून राहिले, भाऊ? कुत्रंबी नाही रस्त्यावर."

"हातालेच शिकवून राहिलो, गुरुजी. ज्या दिवशी समोरून टरक येईन, त्या दिवशी तो इसरला नाही पायजे."

घरी बाबांनी मला काही विचारलं नाही. भाऊंना विचारलं, "झालं ना तुमचं?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊ स्वतःहून आमच्या खळ्यावर आले. मळणी आटोपून खळं मोकळं झालं होतं. त्यांनी राखेने आठ आखला. "डोळे पुढच्या चाकावर नोका ठेवू. जिकडं जाचं हाय, तिकडं पाहा. अन् पळवणं कोनालेबी येते, थांबवणं शिका." महिनाभर ते रोज आले. बाबा कडेला बसून बघत, पण बघत ते भाऊंकडे. मी पास झालो, जुनी फटफटी घेतली. खरं तर उपकार मानायला हवे होते. मला ते जमलं नाही.

धान रोवण्याच्या दिवसांत बाबांना डोळे दाखवायला साकोलीला न्यायचं होतं. मी रजा काढली, गाडी पुसून दारात लावली. बाबा काठी टेकत बाहेर आले आणि गाडीला वळसा घालून दवाखान्याकडे निघाले.

"बाबा, माही गाडी हाय ना!"

"तू जा शाळेत. कंपाउंडरभाऊ नेऊन राहिले मले."

मी शाळेत गेलो नाही. त्यांच्या मागोमाग गाडी काढली आणि तलावाच्या पाळीवर, त्या उंच बांधावरच्या रस्त्यावर, हॉर्न वाजवत, त्यांच्याकडे न बघता पुढे गेलो. पुढे उतार होता, वळण होतं आणि चिखल होता. मी गाडीसकट पाण्याने भरलेल्या धानाच्या बांधीत जाऊन पडलो. रोवणाऱ्या बाया कंबर सरळ करून बघू लागल्या. भाऊंनी हात दाखवून गाडी कडेला घेतली, खाली उतरून माझा पाय चाचपला आणि बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गुरुजीच्या आडवं ढोर आलं!"

ढोर कुठेच नव्हतं. बाबा मागच्या सीटवर बसून होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. भाऊंना खोटं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं, आणि तेही माझी अब्रू राखण्यासाठी. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

दोनेक वर्षांनी त्यांची बदली दूरच्या चिखला गावच्या दवाखान्यात झाली. निरोपाचं भाषण मास्तर म्हणून मीच केलं. चांगलं केलं, कारण मनातून खूश होतो. बाबांनी मात्र त्यांचे हात धरले ते सोडेनात. "आता मले कोन नेईन?"

"गुरुजी हाय ना. चांगली चालवते ते आता. मी पाह्यतो ना येता-जाता."

पुढच्या आठवड्यात साकोलीला जाताना बाबा पहिल्यांदा माझ्या मागे बसले. पाळ ओलांडली, उतारही गेला. मोठा रस्ता लागल्यावर म्हणाले, "बरा चालवतं रे. कंपाउंडरभाऊसारखाच."

इतकी वर्षं ज्या शाबासकीची वाट पाहिली, ती मिळाली तीसुद्धा त्यांच्याच नावावर. त्या क्षणी भाऊ समोर असते तर मी त्यांच्याशी भांडलो असतो. ते नव्हते, आणि त्याचंच फार वाईट वाटलं.