जाळी काढलेला सायलेन्सर

ऐंशीनंतरची दोन-तीन वर्षं मी नाशिकच्या एका दैनिकात तालुक्याच्या बातम्या करत होतो. फिरायला जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल होती. एका हिवाळ्यात तिचा सायलेन्सर कार्बनने चोंदला आणि गाडी पळेना. द्वारका चौकाजवळच्या मेकॅनिकने तो दोनदा कॉस्टिक सोड्याने धुऊन पाहिला. तिसऱ्यांदा त्याने तो फरशीवर आपटला.

"हा मेला, साहेब. कंपनीचा मिळेपर्यंत शिमगा होईल. लोकल बसवतो."

लोकल म्हणजे मागच्या शेडमध्ये पत्रा वळून केलेला. सिलिंडरजवळचा नट गंजून बसला होता. त्यावर रॉकेल सोडून, छिन्नी लावून तो अर्ध्या तासाने सुटला. नवी रिंग घातली, नवा पाइप चढवला, मागची पट्टी जुळेना म्हणून ठोकून वाकवली. सायलेन्सरमध्ये आवाज दाबणारी जाळीची नळी असते. मेकॅनिकने ती माझ्यासमोर धरली.

"ही टाकू का? टाकली तर सावळघाटात गाडी दमणार."

"नको," मी म्हणालो.

हे आधीच लिहून ठेवतो, कारण नंतर मी इतरांना बरंच बोललो. किक मारली तेव्हा समोरच्या टपरीवरच्या लोकांनी चहाचे कप खाली ठेवले. मला ते आवडलं.

त्याच आठवड्यात दिंडोरीच्या पुढच्या एका गावातून प्राथमिक शिक्षकाचं पोस्टकार्ड आलं: एकदा येऊन जा. मंगळवारी गेलो. गुरुजींचं घर बौद्ध वस्तीत, अगदी कडेला. "जय भीम" म्हणून त्यांनी मला आत घेतलं आणि दार लोटलं. शाळेतल्या मुलांना वाटायला गोड पिठाची सुकडी येत असे. तिची पोती शाळा समितीच्या अध्यक्षाच्या गोठ्यात उतरत आणि म्हशी ती खात. गुरुजींनी तारखा लिहून ठेवल्या होत्या.

"माझं नाव येऊ देऊ नका," ते म्हणाले. "पोरगी दिंडोरीला दहावीत आहे. मार्चात परीक्षा. तोवर मला हे गाव सोडून चालायचं नाही."

मी शब्द दिला. शुक्रवारी पुन्हा गेलो, तारखा पडताळल्या, गोठ्यातली पोती स्वतः पाहिली. बातमी पहिल्या पानावर आली. "गावकऱ्यांचे म्हणणे आहे" एवढंच लिहिलं होतं. शब्द पाळल्याचं मला समाधान होतं.

चार दिवसांनी दिंडोरीच्या बाजारात तेच अध्यक्ष भेटले. धोतर, कोट, तोंडात पान. चिडलेले दिसले नाहीत.

"या पत्रकारसाहेब! लय भारी गाडी हे तुमची. पार वेशीपासून ऐकू येती."

मी गाडी स्टँडला लावली.

"मंगळवारी वाजली, शुक्रवारी वाजली. दोन्ही बारी गुरुजीच्या दारात येऊन गप झाली." सोबतच्या माणसाकडे वळून ते म्हणाले, "नाय का रं? आमच्या म्हशीबी कान टवकारून होत्या."

दोघं हसले. मला तेव्हा कळलं. बातमीत एक शब्द चुकला नव्हता. नाव मी गाडीने सांगितलं होतं.

आठवड्यात गुरुजींची बदली झाली. जागा सुरगाण्याकडच्या डोंगरातली, हजर व्हायची तारीख जानेवारीतली. जिल्हा परिषदेच्या कचेरीतल्या अधिकाऱ्याला मी कारण विचारलं.

"प्रशासकीय."

"हे लिहून द्या."

"चहा घेणार?"

मी टेबलावर हात आपटला. त्याने शिपायाला एकच चहा सांगितला, स्वतःसाठी. बदलीची बातमी लिहून दिली, ती संपादकांनी परत केली. "बदल्या रोज होतात. आपण नाव छापलं का? नाही ना? मग आपली जबाबदारी संपली." मी म्हणालो, संपली नाही. ते म्हणाले, पान लावायचं आहे, आवाज खाली. तिथून मी तसाच मेकॅनिककडे गेलो आणि चार लोकांसमोर त्याला नको ते बोललो. तो हातातला पाना खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "साहेब, नळी दाखवून विचारलं होतं मी. अन् गुरुजींच्या दारात गाडी लावा, हे मी सांगितलं का?"

त्याने नळी बसवून दिली. गाडी गप्प झाली. माझा संताप त्याने तसूभर कमी झाला नाही, उलट वाढला, कारण हे काम वीस मिनिटांचं होतं.

फेब्रुवारीत एसटीने सुरगाण्याला गेलो, पुढे चालत. गुरुजी शाळेच्याच एका खोलीत राहत होते. बायको आणि मुलगी सोबत होत्या; दिंडोरीला मुलीला ठेवून घेईल असं कोणी नव्हतं. जवळपास हायस्कूल नव्हतं. तिची शाळा सुटली होती.

"पुढल्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसेल," गुरुजी म्हणाले. "एक वर्ष गेलं, एवढंच."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हाताने थांबवलं.

"ते राहू द्या. बातमी खरी होती. मला एवढं सांगा, तिथल्या पोरांना सुकडी मिळते का आता?"

मला माहीत नव्हतं. अधिकाऱ्याशी भांडलो, संपादकांशी भांडलो, मेकॅनिकशी भांडलो. त्या शाळेत मात्र दोन महिन्यांत एकदाही गेलो नव्हतो.

"चौकशी सुरू आहे," मी म्हणालो. बातमीच्या शेवटी टाकायचं हे वाक्य होतं, सवयीने आलं.

मुलगी पडवीत तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "म्हणजे नाही मिळत."

गुरुजींनी तिला गप्प केलं नाही.