आत्याबाईंच्या वाटण्या

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, स्वतःच्या देहाच्या वाटण्या करायच्या. हनुवटीखालची वळी चिमटीत धरून म्हणायच्या, "ही दराब्याची. ही माही." मग पोटावर थाप मारून, "हे तुह्या मामंजींचं." आणि गदगदून हसायच्या. रव्या-तुपाचा तो आमच्या गावचा दराबा त्यांचा जीव की प्राण होता.

आमच्या राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या वर्षी मी लग्न होऊन निंबोल्याहून बऱ्हाणपुरात आले. मामंजी कचेरीत कारकून. कचेरीत हुकूम आता भोपाळचे येत, घरात मात्र मामंजींचेच. त्यातला पहिला असा, की अन्न टाकायचं नाही. स्वतः ते ताटात ढीगभर भात घ्यायचे आणि अर्धा ठेवून उठायचे. माझे यजमान आणि दीर त्यांच्याच वळणावर गेलेले. पुरुष उठल्यावर आम्ही दोघी बसायचो, तोवर भाजीची कढई खरवडून झालेली असायची. उरायचा तो भात, तोही त्यांच्या ताटांत. ती ताटं आत्याबाई स्वतःपुढे ओढायच्या. मी हात पुढे केला की म्हणायच्या, "तू ताजी भाकर खा, पोरी. हे माह्याकडे राहू दे."

गल्लीतल्या बायका त्यांना खादाड म्हणत. समोरच्या कापडवाल्या शेठजींचं पोट त्यांच्या आधी दुकानात शिरायचं, तर ते खात्यापित्या घरचे! मला संताप यायचा. आत्याबाई नुसत्या हसायच्या.

तापीत बुडी मारल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. एका सकाळी राजघाटाच्या पायऱ्या उतरल्या त्या वर येईनात. गुडघेच आखडले. शेवटी खाटेवर घालून घरी आणावं लागलं. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. "नदी सुटली माही," एवढंच म्हणाल्या.

डॉक्टर आले ते नेमके जेवणाच्या वेळी. "बाई, जिभेवर ताबा ठेवा, नाहीतर कायमच्या खाटेला खिळाल," ते म्हणाले. मामंजी ताटावरूनच मान डोलवत होते.

आत्याबाई उठून बसल्या. "डाक्टरसाब, दराबा मी खाते, कबूल. तेवढं परहेज मी करीन. पण बाकीचं हे यांच्या ताटांतलं हाय. मी खाटेवर पडली, की उद्या ती ताटं या सूनबाईकडे जातील. मग तिलाही हेच सांगायला येसाल का?"

मामंजींचा घास हातातच राहिला. डॉक्टरांनी एकदा ताटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, अर्धं औषध तुमच्याकडेच आहे."

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी सगळ्यांची पानं एकाच ओळीत मांडायला लावली. "बायकांच्या पंगतीला बसू?" मामंजी गरजले. "औषध हाय. डाक्टरसाबला विचारून या," आत्याबाई म्हणाल्या. मामंजी बसले. ज्यानं घेतलं त्यानं संपवायचं, असा नवा हुकूम निघाला. इतक्या वर्षांत प्रथमच आत्याबाईंनी भाजी गरम खाल्ली.

दराबाही त्यांनी सणावारापुरता ठेवला. हळूहळू त्या माझा हात धरून घाट उतरू लागल्या, मग हात सोडून. कमी वाढून घेणं मामंजींना मात्र कधी जमलं नाही. सगळं संपवता संपवता त्यांचंच पोट सुटलं. आत्याबाई त्यावर थाप मारून म्हणायच्या, "घ्या. तुमचं तुम्हाले पोचलं."

पुष्कळ वर्षांनी, शेवटच्या आजारात, त्यांनी दराबा मागितला. दोन घास खाल्ले. मी सवयीनं वाटी उचलायला गेले, तर त्यांनी तिच्यावर हात ठेवला. "राहू दे. माहा हाय तो. उद्या खाईन."

पहाटे त्या गेल्या. सगळं आटोपून, आंघोळ करून मी स्वयंपाकघरात आले, तर वाटी फळीवर तशीच होती. उरलेला दराबा मी खाल्ला. कुणी सांगितलं नव्हतं. मला हवा होता.