आडव्याची तिवई

दौंडच्या मालधक्क्यावर वॅगनीतून सिमेंटची पोती उतरत होती आणि मी, सवयीप्रमाणं, हमालांशी वाद घालत होतो. तेवढ्यात गावाकडचा एक जण एस.टी. स्टँडवरून चालत आला आणि माझ्यापुढं नुसताच उभा राहिला. "काय रे?" म्हटलं. "आबा गेलं," म्हणाला... वाद तसाच अर्धा राहिला. त्याला आता दीड महिना झाला, पण अजून कुणाशी धड भांडायची उमेद आलेली नाही.

आबा आमच्या गावचा एके काळचा सरपंच, आणि माझा लहानपणापासूनचा दोस्त. गाव शिरूर तालुक्यातलं, तळेगावच्या बाजाराला पायी जाण्याइतपत जवळ. मी रेल्वेत लागलो, दौंडला बिऱ्हाड केलं. तो गावातच राहिला आणि पुढारी झाला. पुढारी म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढं कडक टोपी आणि खणखणीत आवाज येतो. आबाचं यातलं काहीच नव्हतं. भाषणाला उभा राहिला की खाकरण्यातच निम्मा वेळ जायचा. मग लोक त्याचं ऐकायचे कशासाठी? हे मला बाजाराच्या फजितीनंतर कळायला लागलं.

झालं असं, की सरपंच झाल्या झाल्या आबाच्या मनानं घेतलं, आपल्या गावातही आठवडी बाजार भरला पाहिजे. तोही तळेगावच्या बाजाराच्याच दिवशी, म्हणजे आपली माणसं तिकडं जायचीच नाहीत! चावडीत त्यानं हे मांडलं आणि सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या. बाजार भरला. बाहेरचा एक व्यापारी फिरकला नाही. आमचेच लोक आमच्याच लोकांना मेथी विकत बसले, आणि दुपारी ज्याची मेथी त्यानं घरी नेली. संध्याकाळी आबानं विचारलं, "आसं व्हनार, हे कुनाला ठावं होतं का?" सगळे खाली बघायला लागले. शेवटी एक म्हातारा म्हणाला, "समद्यास्नी ठावं होतं, आबा. पन तुमच्यापुढं बोलायचं कुनी?"

दुसरा कुणी असता तर चिडला असता. आबा हसत सुटला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि पुढच्या बैठकीला घरून एक बाभळीची तिवई घेऊन आला. सगळे सतरंजीवर, तिवई एका बाजूला. तिच्यावर जो बसेल त्यानं ठरावाच्या विरुद्धच बोलायचं. पटत असलं तरी आडवं बोलायचं, आणि त्याबद्दल कुणी मनात डूख धरायचा नाही. वर आणखी एक नियम. आडव्याला काहीच खोट सापडली नाही, तर निर्णय त्या दिवशी करायचाच नाही, दुसऱ्या दिवसावर टाकायचा. मी म्हटलं, "अरे, उलटं आहे हे! खोट नसली तर लगेच करून टाकावं." तर म्हणाला, "दत्तू, समद्यांचं एकमत झालं म्हंजी कुनीतरी गप बसलंय. त्याला एक रात दे."

सुट्टीला गावी गेलो की तिवई बहुधा माझ्याच वाट्याला यायची. "तू मुळातला आडवा. तुला निराळं शिकवाय नको," म्हणायचा. गाढवानं माझ्या स्वभावाचाही उपयोग करून घेतला.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. बाया-माणसं खडी फोडायला लांब लांब जात होती. आबाची बायको, आमच्या वहिनी, त्याही जायच्या. अशात गावाला पाझर तलावाचं काम मिळायचं घाटत होतं. सकाळी साहेब जीप घेऊन येणार, त्यांना जागा दाखवायची. नाही दाखवली तर काम शेजारच्या गावाला जाणार. वरच्या अंगाला, दोन टेकड्यांच्या मधली जागा सगळ्यांच्या मनात भरली होती. तिवईवर मी होतो. मी नाही नाही ते आठवून पाहिलं, पण खोट म्हणून सापडेना. "मग सकाळी ठरवू," आबा म्हणाला. मी भडकलो. "लोक उपाशी आहेत आणि तुला नियम सुचतायत?" त्यानं टोपी घातली आणि घरी गेला.

सकाळी जीप यायच्या आत बौद्धवस्तीतले सखाराम आबाच्या दारात आले. पंचायतीचे सभासद, आदल्या दिवशी बैठकीत होतेच. "आबा, त्या जागंत आमची जुनी मानसं पुरल्यात. माझी आय तिथंच हाय. पानी चढलं म्हंजी..." आबानं विचारलं, "मग काल का न्हाई बोललासा?" "समदं गाव कामाची वाट बघतंय. आमच्यापायी काम गेलं, आसं व्हाया नगं."

आबानं साहेबांना खालच्या अंगाची जागा दाखवली. काम मिळालं, गावाच्या चुली पेटल्या. पण खालची जागा पसरट, तळं उथळच झालं. पाणी होळीपर्यंतही टिकत नाही. लोक कुरकुरत राहिले आणि पुढच्या निवडणुकीत आबा पडला. मी एकदा सरळच विचारलं, "चुकलं का रे?" तो मग म्हणाला, "पानी कमी हाय, हे खरं हाय. कवाकवा वाटतं बी... पन सखारामाच्या आयच्या डोक्यावर पानी सोडून मला ते गोड लागलं नसतं." मला त्याचा एवढा अभिमान कधीच वाटला नव्हता. बोललो मात्र नाही. त्याला आवडलं नसतं.

परवा गावी गेलो तर चावडीत बैठक होती. गावाच्या वेशीवर आबाच्या नावाची कमान बांधायची. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, डोळे पुसत. तिवई रिकामीच होती. तेवढ्यात वहिनी आत आल्या, पदर सारखा केला आणि सरळ जाऊन तिवईवर बसल्या.

"मी आडवं बोलते," म्हणाल्या. "कमानीखालनं कुनाची घागर भरनार हाय? लोकास्नी जमवायचं आसंल तर तळ्यातला गाळ काढाया जमवा, बांध नीट करा. ह्यांच्या जिवाला त्या तळ्याचंच लागून होतं."

सखाराम पहिले उठले. म्हणाले, "गाळाला मी उद्यापासनं येतो." मग एकेक करून सगळेच हो म्हणाले. आताचे सरपंच ठराव लिहायला सांगणार, एवढ्यात वहिनी तिवईवरून उठल्या आणि ती माझ्यापुढं सरकवली.

"भावजी, आता तुम्ही बसा. माझ्या म्हनन्यात खोट काढा."

बसलो. खूप आठवून पाहिलं. जन्मभर त्या माणसाशी भांडत आलो, आणि त्या दिवशी भांडायला काही म्हणजे काही सापडेना. "वहिनी," म्हटलं, "मला काही खोट दिसत नाही."

"मग उद्या ठरवू," त्या म्हणाल्या, आणि घरी गेल्या.