कोरड्या धबधब्यापाशी दहा मिनिटं

मी बार्शी सोडली त्या दिवशी आई चौथा तास संपवून थेट एसटी स्टँडवर आली होती. बोटांना खडू तसाच. "स्वेटर वरच ठेव, लगेच सापडेल," एवढंच म्हणाली. तिनं तीस वर्षं तिथल्या शाळेत भूगोल शिकवला. हिमनदी दरवर्षी फळ्यावर काढली. बर्फ मात्र फ्रीजमधलाच पाहिलेला.

गेल्या उन्हाळ्यात ती माझ्याकडे अमेरिकेत बेलव्ह्यूला आली ती वहीत एक नाव लिहूनच : ड्राय फॉल्स. आमच्या वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेकडचा कोरडा धबधबा. मी म्हटलं, जाऊ ना. आणि चार कुटुंबांच्या वाइन टेस्टिंगच्या ट्रिपमध्ये तिला बसवलं. तिच्यासाठी वेगळी सुट्टी टाकावी हे मनातसुद्धा आलं नाही. आज स्वतःची किळस येते.

कठड्यापलीकडे काळ्या कातळाचे उभे कडे होते, लांबच लांब. तळाशी थोडंसं साचलेलं पाणी. "हा तर आपलाच दगड," आई म्हणाली. "सह्याद्रीसारखा, लाव्ह्याचा." मग माझ्या अकरा वर्षांच्या अर्णवला सांगू लागली : बर्फानं नदी अडवली, मागे समुद्रासारखं तळं साचलं, बर्फाचा बांध फुटला आणि सगळं पाणी इकडे सुटलं. एकदा नाही, कितीतरी वेळा. त्या लोंढ्यांनी कातळ उपटून नेले.

"आजी, वेट. आइसचं डॅम?" अर्णवनं इअरबड्स काढले. त्या ट्रिपमध्ये पहिल्यांदाच.

"काकू, बेसिकली मोठा खड्डा आहे यार," आमचा मित्र अमेय म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. वर म्हणाले, "आई, चल पटकन, बुकिंग कॅन्सल होईल. बाकीचं घरी यूट्यूबवर बघ."

वाक्य अर्धवट सोडून ती गाडीत बसली. दुपारभर मी ग्लास हलवत वाइनच्या वासावर अक्कल पाजळत होते. ती एकटी बाकावर, पर्स मांडीवर घेऊन.

ती परत गेल्यावर एका रविवारी फोन केला, तर तिच्या शाळेतल्या देशमुखबाई आलेल्या. फोन स्पीकरवर. आई त्यांना सांगत होती, "लेकीनं तो कोरडा धबधबा दिवसभर दाखवला हो. सगळं समजावून सांगितलं."

मला ऐकवेना. "खोटं आहे, बाई. दहा मिनिटंसुद्धा थांबू दिलं नाही मी."

फोन बंद झाला. तासाभरानं तिचाच आला. "बाईंसमोर मला खोटं पाडलंस. तुझं मन हलकं व्हावं म्हणून." खरंच होतं ते. त्या कबुलीचीही मग घाण वाटली. "आता तिथे जा. दिवसभर बस. मग फोन कर."

शनिवारी मी अर्णवला घेऊन गेले. नुसती बसले. संध्याकाळी, म्हणजे तिच्या सकाळी, फोन लावला.

"पाणी कुठून आलं?"

"दक्षिणेकडून."

"चूक. कड्याचं तोंड कुठे आहे ते बघ."

तिकडे राहिलेले आणि इकडे आलेले, दोघंही विचारतात, आता तुझं घर कुठलं? बार्शीतली माझी खोली भाड्यानं दिलीय. बेलव्ह्यूच्या घरात माझ्या चुका सगळ्यांना चालतात. ज्या आवाजाला त्या अजून चालत नाहीत, तेवढंच घर उरलंय माझं.

मी कड्याकडे वळले. मला वेळ लागत होता.

"घाई नाही," आई म्हणाली. "मी आहे लाइनवर."