महागडी सुई आणि राहिलेला जवाब

धामणगावच्या फलाटावर उतरलो तेव्हा एका हातात रेकॉर्डप्लेअरची पेटी, दुसऱ्या हातात अँप्लिफायर, पाठीवरच्या पिशवीत छोटा स्पीकर आणि शर्टाच्या खिशात काड्यापेटीएवढी एक डबी होती. गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत मी त्या खिशावरचा हात जवळजवळ काढलाच नव्हता. समोरच्या बर्थवरच्या बाईंनी दोनदा विचारलं, छातीत दुखतंय का म्हणून.

डबीत माझं कार्ट्रिज होतं. ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी सांगतो. तबकडीच्या खाचेतून सुई फिरताना थरथरते, त्या थरथरीची वीज करणारा एवढासा ठोकळा म्हणजे कार्ट्रिज. माझ्या कार्ट्रिजची सुई हिऱ्याची, आणि तिचं टोक इतकं बारीक घासलेलं की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ती बोरॉनच्या कांडीवर बसवलेली आहे आणि कांडीच्या दुसऱ्या टोकाला केसाहून बारीक तारेच्या दोन गुंडाळ्या आहेत. सुई हलली की त्या चुंबकापुढे हलतात. आमच्या रेकॉर्डवेड्या कंपूत या कार्ट्रिजचं कौतुक होतं ते एका गोष्टीसाठी: गाण्याच्या दोन ओळींमधली शांतता ते काळीभोर ऐकवतं. माझी बायको विचारते, एवढा उपद्व्याप काहीच ऐकू न येण्यासाठी करायचा का.

स्टेशनबाहेर मोतीराम राठोड जीप घेऊन उभे होते. हे माझ्या ऑफिसातल्या राठोडचे थोरले भाऊ, आर्णीजवळच्या तांड्यावर (बंजारा वस्तीवर) कापूस, तूर, सोयाबीन करणारे. त्यांच्या आईकडे एक जुनी रेकॉर्ड होती आणि ती वाजवून द्यायला मी आलो होतो. रेकॉर्ड म्हणजे एलपीच असणार, हे मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

यवतमाळ मागे पडलं. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, मध्ये पिवळ्या फुलांवर आलेली तूर. जीप वळली, पुन्हा वळली आणि मला वाटलं आपण मघाच्याच शेतापाशी आलो.

"हे मघाचंच शेत ना?"

"नाई भाऊ, हे दुसरं हाय." गिअर बदलत ते म्हणाले, "पण तुमाले सारखंच दिसन."

वाटेत त्यांनी रेकॉर्डची हकिगत सांगितली. साठेक वर्षांपूर्वी त्यांच्या आईचं, गमलीबाईंचं, लग्न झालं. बंजाऱ्यांत नवरी निघताना ती आणि घरच्या बायका गळ्यात गळे घालून गाऊन रडतात. त्याला ढावलो म्हणतात. त्याच दिवसांत गाणी गोळा करत फिरणारे कोणी गृहस्थ तिथे आले. त्यांच्यापाशी जागेवरच तबकडी कोरायचं यंत्र होतं. ढावलो कोरून झाल्यावर तबकडी नायकाला (तांड्याच्या प्रमुखाला) देत ते म्हणाले, ही मऊ असते, चार-पाचदा वाजली की संपली. नायकाकडे चावीचा बाजा, म्हणजे जुना ग्रामोफोन, होता. त्यावर ती दोनदा वाजली, पण तोवर गमलीबाई सासरी पोचल्या होत्या. पुढच्याच पावसाळ्यात त्यांची आई गेली आणि तबकडी त्यांच्याकडे आली, ती न वाजता पेटीत राहिली.

"आर्णीत कोणी वाजवून देईना का?"

"दादाराव हाय न. लग्नात भोंगे लावायचा. पण तो म्हणे, माह्या सुईनं खरवडली तं माय मले माफ नाई करनार, शहरातली चांगली मशीन आना. अन् मायचं एकच चालू हाय, याडीले (आईला) जवाब द्यायचा राह्यला."

कसला जवाब, असं मी विचारलं. मोतीरामांनाही नीट ठाऊक नव्हतं. वय झाल्यावर माणसं असं बोलतात, अशी मी माझी समजूत घातली.

तांड्यावर पोचल्यावर आधी जेवण. बाटी (ज्वारीची जाड भाकर), अंबाडीची भाजी आणि एक ठेचा, ज्यानंतर बराच वेळ माझा आवाज बसला होता. गमलीबाई समोर बसून मला निरखत होत्या. दंडभर पांढऱ्या बांगड्या, डोळ्यांत मोतीबिंदूची साय.

"पुन्याहून आला का, बापू? वाजन न?"

"वाजेल, आजी." मी घोगऱ्या आवाजात म्हटलं. किती सहज म्हटलं.

मग मी दुकान मांडलं. शेणाने सारवलेली जमीन डोळ्यांना सपाट दिसते, पण माझ्या पाणसळीतल्या बुडबुड्याला ते मान्य नव्हतं. प्लेअरच्या एका पायाखाली चौघडी केलेला कागद गेला, मग दुसऱ्याखाली, मग पहिल्याखालचा काढावा लागला. कार्ट्रिज बसवलं, काट्यावर सुईचा दाब तोलला. सुईवर धूळ दिसली म्हणून मोतीराम मदतीच्या भावनेने खांद्यावरचा दुपट्टा घेऊन सरसावले. मी त्यांचा हात असा धरला की बाहेरच्या बायका आत डोकावल्या.

तबकडी जुन्या लुगड्यातून निघाली आणि माझा घोटाळा तिथे सुरू झाला. ती एलपी नव्हती. जड होती, काळी होती, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या जुन्या वेगाची होती. तो वेग माझ्या प्लेअरवर होता, पण मी कधी वापरला नव्हता. मी विचार केला, सर्वांत चांगली सुई ती सगळीकडे चांगलीच. मोबाइलचं रेकॉर्डिंग लावलं, सगळ्यांना गप्प केलं आणि सुई टेकवली.

खरखर. चुलीवर काहीतरी जळावं तशी. तिच्या तळाशी कुठेतरी माणूस असल्यासारखा भास. मी घाबरून सुई उचलली. गमलीबाईंनी मुलाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही, आणि मला फार लाज वाटली.

मोतीरामांनी दादारावांना फोन लावला. तासाभरात ते मोटारसायकलवर जुना प्लेअर आणि भोंगा बांधून हजर झाले. सत्तरीचे, सडपातळ, कानाला मफलर. त्यांनी माझं कार्ट्रिज भिंगातून पाहिलं आणि कौतुकाने मान डोलावली.

"लय नाजूक काम हाय भाऊ. पन या तबकडीची खाच रुंद. तुमची सुई पार तळाले जाऊन बसली, थ्या गाळात लोळून राह्यली. आवाज असते भिंतीले."

त्यांच्या कार्ट्रिजला शेजारी एक खटका होता. फिरवला की एलपीची सुई मागे जाई आणि रुंद खाचेची जाड सुई पुढे येई. प्लास्टिकचा पिवळट ठोकळा, दाब माझ्याहून तिप्पट.

"खरवडली तं?" दादाराव मला विचारत होते. मी गमलीबाईंकडे पाहिलं.

"लाव," गमलीबाई म्हणाल्या. "पेटीत ठिऊन तरी काय करू?"

खटका फिरला. सुई टेकली आणि भोंग्यातून एक बाई गाऊ लागली, कोणाला तरी साद घालून, उंच, रडवेली. मग एकदम बंद. नुसती सरसर. मला वाटलं, सुई उडाली, खाच झिजली. पण तबकडी फिरतच होती. पुन्हा ओळ आली, पुन्हा शांतता. तिसऱ्यांदा तसंच. मी दादारावांना खुणेने विचारलं, काय बिघडलं. त्यांनी खांदे उडवले.

चौथ्या शांततेत गमलीबाई गाऊ लागल्या.

मी ओठांवर बोट ठेवलं, मोबाइलकडे दाखवलं. त्यांनी पाहिलंही नाही. त्यांनी प्लेअरच्या पेटीला दोन्ही हातांनी मिठी घातली होती, आईच्या गळ्यात घालावी तशी, आणि रडत गात होत्या. ओळ आली की थांबत, ओळ संपली की गात. एकाही ओळीवर ओळ चढली नाही. मग दादारावांनी मफलर डोळ्यांना लावला आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या जागा नवरीच्या होत्या.

"मी चौदाची होती," नंतर त्या म्हणाल्या. "थे मशीन पाहून भेव वाटलं. तोंडच उघडलं नाई. याडी एकटीच गात राह्यली अन् मी गाडीत बसली. मंग भेटच नाई."

मी म्हटलं, "आजी, अजून एकदा लावतो. तुम्ही गप्प बसा, म्हणजे आईचा आवाज साफ येईल."

"आता कायले, बापू? झाला न जवाब." त्यांनी तबकडी लुगड्यात गुंडाळली.

परतीच्या गाडीत मी ते रेकॉर्डिंग ऐकलं. त्यात कोंबडी आहे, दादारावांचा खोकला आहे, सरसर आहे. आई कोणती आणि मुलगी कोणती हे दोन-तीन ठिकाणी मला कळत नाही. कंपूतला एक जाणकार म्हणाला, दुसरा आवाज काढून टाकता येईल. मी त्याला फाईल पाठवली नाही.

घरी आल्यावर कार्ट्रिज पुन्हा बसवलं, दाब तोलला, आवडती एलपी लावली. पहिली ओळ संपली आणि ती काळीभोर शांतता आली, जिच्यासाठी मी एवढा जीव टाकत होतो. बायको स्वयंपाकघरातून काहीतरी विचारत होती. एरवी मी हात वर करून तिला थांबवतो. त्या दिवशी सुई उचलली आणि विचारलं, काय म्हणालीस?