दादाने दारू सोडली तेव्हा

दादाने आईचं डोकं भिंतीवर आपटलं तेव्हा तो प्यायलेला नव्हता. हे आधीच सांगते, कारण पुढे ज्यांना सांगितलं त्यातल्या बहुतेकांना ते पटलं नाही. उलट त्याच आठवड्यात त्याने दारू सोडलेली.

आम्ही कोपरीत दोन खोल्यांत राहायचो. आई, बाबा, दादा आणि मी. दादा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा साच्यात दाबणाऱ्या मशीनवर, होता. आधी तो रविवारी प्यायचा, मग रोज, मग कामावर जायच्या आधीसुद्धा. पिऊन आला की बाबा पट्टा काढायचे आणि दादा हाताला लागेल ते फेकायचा. टीव्हीची काच अशीच गेली, माझा पुढचा दातही असाच गेला. शेवटी आईने देवापुढे त्याच्याकडून शपथ घेतली. त्याने ती पाळली. एक थेंब घेतला नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याचे हात इतके थरथरायला लागले की चहा शर्टावर सांडला. आई म्हणाली, विष निघतंय, निघू दे. त्याच्या पुढच्या दिवशी तो घामाने भिजून कपाटाकडे बघत बसलेला. कपाटामागे माणसं आहेत, असं त्याने मला अगदी हळू, विश्वासात घेऊन सांगितलं. मी कपाट सरकवून दाखवलं. तर म्हणाला, आता ती आईच्या अंगात शिरली.

दुपारची वेळ. आई भाजी निवडत होती. त्याने तिचे केस धरून तिला भिंतीवर हाणलं. मी मध्ये पडले, तर माझ्या कानाखाली अशी बसली की त्या कानाने मला अजून नीट ऐकू येत नाही. आईचं मनगट मोडल्याचा आवाज मी दुसऱ्या कानाने ऐकला. तो ओरडत होता, "सोडा तिला, बाहेर निघा." मारत आईलाच होता आणि वाचवतही आईलाच होता.

शेजाऱ्यांनी दार तोडलं, त्याला खाली पाडलं आणि दोरीने पलंगाला बांधलं. बाबा घरी आले आणि बांधलेल्या दादाला पट्ट्याने मारत राहिले, बक्कल तुटेपर्यंत.

संध्याकाळी कल्याणच्या पुढच्या एका व्यसनमुक्ती केंद्राची गाडी आली. नंबर शेजाऱ्यांनीच दिलेला. चौघांनी त्याला फरफटत जिन्यावरून उतरवलं. त्याचं डोकं प्रत्येक पायरीवर आपटत होतं आणि आमच्यापैकी कुणीही त्यांना थांबवलं नाही.

सुरुवातीला भेटू देत नाहीत म्हणाले. काही दिवसांनी आम्ही गेलो तोवर त्याचं मुंडण केलेलं होतं आणि तो मान वर करत नव्हता. तिथला माणूस हसत म्हणाला की इथे आधी हाडं मऊ करावी लागतात, त्याशिवाय बेवडा सुधरत नाही. बाबांनी मान डोलावली. आई पुढे झाली आणि चांगल्या हाताने तिने दादाचा शर्ट वर केला. पाठीवर कातडी कमी आणि वळ जास्त होते. काही वळ पिकलेले.

आईने प्लास्टरचा हात उचलला आणि त्या माणसाच्या तोंडावर घातला. त्याच्या नाकातून रक्त आलं, प्लास्टरला तडा गेला. ती म्हणाली, "मला मारलं त्याने. तुला नाही."

त्या गोंधळात आम्ही दादाला बाहेर काढलं आणि रिक्षात घालून थेट सरकारी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात नेलं.

तिथल्या डॉक्टर बाई वयाने माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या की इतकी वर्षं रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू बंद केली की मेंदू असा पेटू शकतो. भास होतात, झटके येतात, माणूस मरतोसुद्धा. तेव्हाच हॉस्पिटलमध्ये आणायला हवं होतं. बाबांनी विचारलं, "म्हणजे मी बांधून मारला, तेव्हा तो आजारी होता?"

"हो," त्या म्हणाल्या.

दादा तिथे भरती असताना एकदा आमच्यासमोरच बोलला. प्रेसवर त्याच्या शेजारच्या माणसाचे दोन्ही पंजे साच्यात सापडलेले. वरचा साचा उचलून ते दादानेच बाहेर काढले, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर दादाला उभं केलं. डोळे मिटले की पंजे दिसायचे. दारू घेतली की झोप लागायची. घरात हे कुणाला माहीतच नव्हतं. आम्ही त्याला कधी विचारलंच नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्या, समुपदेशन सुरू झालं. तरी मध्ये एकदा तो प्यायला आणि स्वतःचंच कपाळ बाथरूमच्या नळावर फोडून घेतलं. आम्ही त्याला परत त्याच डॉक्टरांकडे नेलं. बाबा त्याच्यासोबत वॉर्डात फरशीवर झोपले. दोघं एकमेकांशी फारसं बोलत नाहीत, पण त्यानंतर घरात पट्टा निघाला नाही.

आता दादा प्रेसवर नाही, एका गोदामात आहे. डोंबिवलीत दारू सोडलेल्यांची एक बैठक भरते, तिथे जातो. त्या लोकांना घरोघरून फोन येतात. परवा कल्याणच्या एका बाईंचा आला. नवऱ्याने दारू सोडलीय आणि तो सुरी घेऊन कोपऱ्यात बसलाय म्हणून. दादा आणि आणखी दोघे गेले. सुरी काढून घेताना दादाच्या उजव्या दंडावर वार बसला. तशाच हाताने त्यांनी त्या माणसाला हॉस्पिटलमध्ये पोचवलं, न मारता.

घरी आला तेव्हा टाके घातलेले होते. आई रागावली, पोलिसांना का नाही बोलावलं म्हणाली.

"बोलावलेलं. ते यायच्या आत त्याने बायकोला मारलं असतं," तो म्हणाला, आणि डाव्या हाताने जेवायला लागला.