पहिल्या गिअरमधले आप्पा

गाडी जुनी होती म्हणून माझे वडील गेले नाहीत.

आज वर्ष झालं. वर्षभर हेच ऐकतोय. "एअरबॅग असत्या तर आप्पा वाचले असते." तिसऱ्या दिवशी आमच्याच सोप्यात बसून पाहुणे हे बोलत होते.

आणि मी मान हलवत होतो. त्याचा राग अजून जात नाही.

आमच्या बोरगावातून आर्यिका माताजींचा, म्हणजे जैन साध्वींचा, पायी विहार निघाला, की चालणाऱ्यांच्या मागं आप्पांची ॲम्बेसेडर ठरलेली. सकाळी ऊन पडलं की निघायचं. माणसाच्या चालीनं, पहिल्या गिअरमध्ये, थेट निपाणीपर्यंत.

मागून येणाऱ्यांना आधी ती दिसावी, एवढंच तिचं काम.

एकदा मी हौसेनं माझी नवी ऑटोमॅटिक नेली. कॅमेरा, सेन्सर, सगळं. पुढं माणसं दिसली की तिचं टीं टीं सुरू. गावाबाहेर पडेपर्यंत माताजींनी तीनदा मागं वळून बघितलं.

आप्पा शेजारी बसलेले. म्हणाले, "तुझ्या गाडीला माणूस दिसला की वरडायलाच येतंय व्हय रं? आमची बघ, गप मागनं चालतीया."

आप्पा गेले त्या दिवशी मागून येऊन धडकलेली गाडीही अशीच नवी. चालवणारा मोबाईलमध्ये. त्याला खरचटलंसुद्धा नाही. दवाखान्यात मलाच तोंड वर करून विचारतो, "एवढी जुनी गाडी रोडवर आणायचीच कशाला?"

माझी थोरली बहीण, आक्का, त्या सकाळी माताजींबरोबर चालत होती. तिनं सांगितलेलं आज पहिल्यांदा लिहितोय.

"आप्पांचा हॉर्न ऐकून मी मागं बगितलं. आप्पांची नजर आरशात. डाव्या अंगाला रान मोकळं हुतं रं. पण ते वळले असते तर ती गाडी आमच्यावरच आली असती. वळले न्हाईत."

ब्रेकवर पाय दाबून बसून राहिले. धडकेनं फरफटत आलेली ॲम्बेसेडर माताजींपासून चार पावलांवर थांबली.

वळले असते तर आज घरी असते. त्याच जुन्या गाडीनं आले असते.

म्हणून आता मला एअरबॅग शिकवू नका.

गाडीचं मागचं अंग पार चेपलं होतं. चिकोडीच्या मिस्त्रीनं ठोकून सरळ केलंय. उद्या विहार निघतोय. मागं ॲम्बेसेडर असेल, मी चालवणार आहे.

घाई असलेल्यांनी खुशाल हॉर्न वाजवावा. मी बाजूला होणार नाही.

जय जिनेंद्र, आप्पा.